बिनफेसाची बिअर

पिकरिंगने ग्लास खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि आम्ही दोघं त्यातल्या फेसाकडे बघत राहिलो. सोनेरी बिअरवर दोन बोटं फेस उभा होता. थांब बाबा, मी मनातल्या मनात त्याला विनवत होतो, निदान हा माणूस मान वळवेपर्यंत तरी थांब. फेसाने ऐकलं नाही. कडेने भोकं पडली, मग मधे खड्डा पडला, आणि बघता बघता ग्लासात नुसतं पिवळं पाणी उरलं.

“ही मी उतरवून घेऊ शकत नाही,” पिकरिंग म्हणाला.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्या धक्क्यावर आलेली बिअर तपासून घेणं एवढंच त्याचं काम होतं, आणि ते तो पूजेला बसल्यासारखं करायचा. मी विचारलं, चव बिघडली आहे का. त्याने घोट घेतला, तोंडात खेळवला, बादलीत थुंकला आणि म्हणाला, चव उत्तम. गारवा? बरोबर. गॅस? हवा तितका. मग घोडं पेंड खातंय कुठे, असं मला त्याला गदागदा हलवून विचारावंसं वाटत होतं. त्याने शांतपणे सांगितलं की फेस नसलेली बिअर गिऱ्हाईक तोंडाला लावत नाही, कालची उरलेली दिली असं समजून परत करतं. ग्लासाला साबण राहिला, कसलाही ओशटपणा लागला, अगदी कुणाच्या ओठांची लाली लागली, तरी फेस मरतो. म्हणून त्याने माझ्यादेखत ग्लास पुन्हा धुतले आणि आमच्या बोटीच्या चारही टाक्यांतून पुन्हा नमुने काढले. चारही ग्लासांत फेस उभा राहिला आणि चारही ग्लासांत बसला. माझं कप्तानपद त्याच्याबरोबर खाली बसताना मी डोळ्यांनी पाहिलं.

ही गोष्ट एकोणीसशे ब्याऐंशीची. मी श्रीधर केळुस्कर, मालवणजवळच्या देवबागचा, तेव्हा ‘हेडविग’ नावाच्या बोटीवर चीफ ऑफिसर होतो, म्हणजे कप्तानाच्या खालोखालचा. हेडविगच्या पोटात ना खनिज तेल असायचं ना धान्य. तिच्यात फक्त बिअर असायची. पिंपात नाही, बाटल्यांत नाही, थेट स्टीलच्या चार टाक्यांत. एकेका टाकीत आमचं देवबागचं घर माडासकट मावलं असतं. डेन्मार्कच्या एका लहान बंदरात बिअरचा कारखाना होता, तिथे टाक्या भरायच्या आणि उत्तर समुद्र ओलांडून इंग्लंडात रित्या करायच्या, हा आमचा धंदा. गावात हे सांगितलं तेव्हा लोकांना वाटलं, मी थापा मारतोय.

कप्तानकीचं प्रमाणपत्र माझ्या बॅगेत केव्हाचं पडून होतं, पण बोट कुणी देत नव्हतं. हेडविगचा कप्तान मॅथिसन म्हातारा झाला होता आणि त्या वसंतात निवृत्त व्हायचा होता. बोटीच्या मालकाने मला शब्द दिला होता की कारखान्याने वाहतुकीचा करार पुढे चालू ठेवला, तर हेडविग तुझी. सगळं त्या ‘तर’वर लटकलेलं होतं. कारण कारखान्याला लॉऱ्यांचं वेड लागलं होतं. लॉरी बिअर भरून थेट फेरीबोटीत चढते आणि पलीकडे उतरून गुत्त्याच्या दारापर्यंत जाते. मग बोट हवी कशाला, असं तिथले हिशेबी लोक बोलायला लागले होते. हिवाळ्यानंतरची पहिली फेरी कशी होते ते बघू आणि करारावर सही करू, असं कारखान्याचा वाहतूक अधिकारी ओल्सेन याने सांगितलं होतं. माझ्या बायकोने, कुंदाने, तर गावात शेजारणींना सांगूनही टाकलं होतं की आता कप्तान होणार.

आणि पहिली फेरी ही अशी झाली.

कारखान्याची तार आली, माल घेऊन परत या. भरल्या पोटी परत जायची पाळी हेडविगवर कधी आली नव्हती. मॅथिसनने मला केबिनमध्ये बोलावलं आणि ताकीद दिली की माल कशासाठी नापास झाला हे खलाशांना कळता कामा नये, बंदरात बोभाटा होईल. मला ते पटलं नव्हतं. ज्यांनी टाक्या धुतल्या, ज्यांनी नळ्या जोडल्या, त्यांना काही विचारायचंच नाही, तर शोधायचं कुणाच्या जिवावर? पण निवृत्तीला टेकलेला कप्तान आणि वाळत घातलेला मासा, दोघांशी बोलून उपयोग नसतो असं माझं तेव्हाचं मत झालं होतं. मी बरं म्हटलं आणि बाहेर आलो.

परतीच्या वाटेवर मी आणि इंजिनियर वेड्यासारखे शोधत होतो. पंपाच्या सीलमधून वंगण गळतं का पाहिलं. एक थेंब मिळाला नाही. तसा तो असता तर वासानेच कळला असता. इंजिनातल्या तेलाचा वास बिअरमध्ये लपत नाही. गॅसच्या बाटल्या तपासल्या, गाळण्या उघडल्या, नळ्या सोडून आतून पुसून पाहिल्या. इंजिनियरचं म्हणणं, चूक कारखान्याची. कारखान्याचं म्हणणं, भरण्याआधी काढलेल्या नमुन्याला छान फेस होता, तो नमुना आमच्याकडे जपून ठेवला आहे. मॅथिसनचं म्हणणं, पिकरिंगला चष्मा लागला आहे. प्रत्येकाकडे उत्तर होतं आणि एकाचंही उत्तर कामाचं नव्हतं.

आमच्याबरोबर टॉर्च धरून हिंडत होता तो जगूकाका. जगन्नाथ कुबल, बोटीचा सारंग, म्हणजे सगळ्या खलाशांचा म्होरक्या. देवबागला त्याचं घर आमच्या घराला लागूनच. मी परीक्षा देऊन मुंबईत एजंटांचे उंबरे झिजवत होतो तेव्हा माझ्यासाठी शब्द टाकला तो यानेच. चारचौघांत तो मला साहेब म्हणायचा आणि एकटा सापडलो की शिरी. गळ्यात तुळशीची माळ. दारूचा थेंब आयुष्यात त्याच्या तोंडात गेला नव्हता, आणि साऱ्या इंग्लंडची तहान भागवणारी बोट हा माणूस वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवत होता. त्याला यात काही वावगं वाटत नसे. लोकांचा घास आहे, तो नीट पोचवायचा, एवढंच तो म्हणायचा.

“माल नापास झालो म्हणतत,” त्याने मला जिन्याखाली गाठून विचारलं, “बोट जातली की काय रे शिरी?”

मी म्हटलं, मला काही माहीत नाही. त्याने सुचवलं की समुद्राला नारळ देऊ, स्वयंपाक्याकडे एक आहे, हिवाळ्यानंतर बोट पाण्यात ढकलली तेव्हा द्यायचा राहून गेला. माझं डोकं आधीच फिरलेलं. मी त्याच्यावर खेकसलो की नारळ फोडून बिअर सुधारत नाही. त्याने टॉर्च विझवला, डोक्यावरची लोकरीची टोपी सारखी केली आणि निघून गेला. मागाहून पाहिलं तर डेकच्या मागच्या टोकाला तो पाण्याकडे तोंड करून उभा होता आणि हातात नारळ होता. मला आणखी राग आला, का ते सांगता येणार नाही.

खरं तर त्या हिवाळ्यात बोट नीट राहिली ती जगूकाकामुळेच. कारखान्याने आमच्या फेऱ्या ऐन थंडीत थांबवल्या आणि हेडविग गोदीत नेऊन बांधली. एरवी हा मुक्काम थोडक्यात आटपायचा. त्या वर्षी कामच नाही म्हणून तो लांबतच गेला. आम्ही सगळे घरी आलो. राखणीला जगूकाका आणि दोन खलाशी राहिले. आम्ही परत गेलो तेव्हा बोट ओळखू येईना. डेक चकाचक, दोर नव्याने गुंडाळलेले, आणि टाक्या तर अशा लखलखीत की आत बॅटरी मारली की डोळे दिपावेत. मॅथिसनने त्याची पाठ थोपटली. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा भरताना टाक्या कढत पाण्याने आणि सोड्याने धुवायचा रिवाज होता. या वेळी कारखान्यातून निरोप आला की थंड पाण्याने धुवा, चालेल, बॉयलर पेटवत बसू नका. मला आश्चर्य वाटलं, पण टाक्यांकडे पाहिलं आणि मीही म्हटलं, आणखी काय धुवायचं यात.

मग कारखान्याचा तपासनीस आला. त्यांची एक पद्धत होती. टाकी साफ आहे की नाही हे तपासनीस बूट काढून, पांढरे मोजे घालून आत उतरून ठरवायचा. सगळीकडे हिंडून वर आला की तळवे उलटे करून बघायचा. मोजे पांढरे तर टाकी पास. त्या दिवशी शिडीच्या शेवटच्या पायरीवरून उतरताना तो घसरला आणि मी वरून घाबरून ओरडलो. तो हसत उठला, म्हणाला, फारच गुळगुळीत ठेवली आहे तुम्ही. मोजे पांढरेशुभ्र निघाले. वास घेतला, तर वास कसलाच नाही. चारही टाक्या पास. मी जगूकाकाकडे अभिमानाने पाहिलं होतं.

आम्ही डेन्मार्कला पोचलो त्या सकाळी कारखान्याने दुसरा नमुना काढला, नाक मुरडलं आणि सगळा माल नाल्यात सोडायला सांगितलं. जाड नळीतून ती बिअर कारखान्यामागच्या नाल्यात पडत होती. कारखान्यातले कामगार टोप्या काढून उभे होते, कुणाच्या तरी मयताला आल्यासारखे. नाल्यात उंचावरून पडतानासुद्धा तिला धड फेस येत नव्हता.

पहिली टाकी रिकामी झाली, आतला गॅस पंख्याने काढून टाकला, हवा तपासली आणि मी एकटाच आत उतरलो. मला काय शोधायचं होतं ते माहीत नव्हतं. बॅटरी सगळीकडे फिरवली. भिंती लखलखत होत्या. चिडून मी हातमोजे काढले आणि भिंतीवर तळहात दाबून उभा राहिलो, कारण उभं राहायला दुसरा आधार नव्हता. स्टील बर्फासारखं गार होतं. थोड्या वेळाने हाताखाली काहीतरी मऊ झालं. मी हात उचलला. तळवा चकाकत होता. दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले, ते ऊन झाले, आणि मी ते नाकाशी नेले.

खोबरेल.

डेन्मार्कमध्ये, लोखंडाच्या त्या विहिरीत, मला माझ्या आईच्या डोक्याचा वास आला. शाळेत जाण्याआधी ती माझ्या टाळूवर थापायची त्याचा वास आला. थंडीने गोठून ते सगळ्या भिंतीवर पापुद्र्यासारखं बसलं होतं. गोठलेल्या खोबरेलाला वास नसतो, ते मोज्याला लागत नाही, आणि थंड पाण्याने ते जन्मात निघत नाही. मी बोटाने ओरखडत टाकीभर फिरलो. हात पोचेल तिथे होतं आणि शिडीवर चढून पोचेल तिथेही होतं. कुणीतरी फार प्रेमाने, एक वीतभर जागा न सोडता, लावलं होतं. बोटीवर खोबरेलाचे डबे एकाच माणसाकडे असायचे. त्याच्या भावाचा घाणा होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिडी मी कशी चढलो आठवत नाही.

जगूकाका डेकवर दोर ओढत होता. मी त्याला बाजूला घेतलं आणि तळहात त्याच्या नाकाखाली धरला. वास घेतल्यावर त्याचा चेहरा खुलला, ओळखीचं माणूस भेटावं तसा.

“मी लावलंय,” तो म्हणाला. “चारय टाक्यांक.”

“कशाला?”

“कशाक म्हणजे? बोट इतके दिस रिकामी बांधून घातलली. आपण पावसाआधी होडी वर ओढतो, तेव्हा तिका त्याल लावतो की नाय? रिकामा भांडा कोरडा ठेवल्यार ता फुटता.”

मी म्हटलं, ते लाकडाचं. हे स्टेनलेस स्टील आहे, त्याला गंज चढत नाही, म्हणूनच त्याला ते नाव आहे. तो म्हणाला की नाव काहीही असो, लोखंड ते लोखंड. आणि गावाकडे होडीला माशाचं तेल लावतात ते त्याने मुद्दाम टाळलं होतं, कारण त्याला घाण येते. इंजिनाचं ग्रीसही टाळलं, कारण हा लोकांचा घास. म्हणून भावाच्या घाण्यावरचं स्वच्छ खोबरेल. स्वयंपाकघरात डबा ऊन करायचा, फडकं बुडवायचं आणि गोठायच्या आत पुसत जायचं. तिघं मिळून ते हे करत होते. डोक्याला लावायला त्याच्याकडे पुढे थेंब उरला नाही.

तेव्हा मी कप्तानाची ताकीद धाब्यावर बसवली आणि त्याला सांगितलं की बिअर त्या तेलामुळेच नापास झाली, तिला फेस आला नाही.

त्याला खरोखरच कळत नव्हतं.

“फेस व्हयो असता?” त्याने विचारलं. “डाळीक फेस इलो तर तुझी काकी डावान काढून टाकता. फेस म्हणजे मळ. माका वाटला, फेस नाय म्हणजे माल साफ.”

इतकी वर्षं त्याने बिअर वाहिली, पण भरलेला ग्लास त्याने जवळून कधी पाहिलाच नव्हता. मला त्याला धरून हलवावंसं वाटलं, आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. मी एवढंच म्हटलं की आता ओल्सेनला जाऊन सांगावं लागेल. कारण सापडलं आहे, कढत सोड्याने एकदा धुतलं की बोट पहिल्यासारखी होईल, कदाचित करार वाचेल. पण कुणी केलं तेही सांगावं लागेल, आणि मग त्याला पुन्हा कुठली कंपनी बोटीवर घेणार नाही.

“सांग,” तो म्हणाला. “माझा नाव सांग. बोट ऱ्हवाक व्हयी.”

ओल्सेनची कचेरी धक्क्यासमोरच होती. भिंतीला लांबच लांब फळी, आणि तिच्यावर कारखान्याची बिअर वाहिलेल्या बोटींच्या लहान प्रतिकृती, काचेच्या पेट्यांत. पहिली शिडांची, जिच्या पोटात लाकडी पिंपं रचलेली. मग वाफेची, डेकवरही पिंपांच्या राशी. तिच्यानंतरची, क्रेनने उचलून ठेवायच्या लोखंडी डब्यांची. हिवाळ्याआधी मी इथे आलो होतो तेव्हा ओल्सेनने मला ती सगळी मालिका कौतुकाने दाखवली होती. यात आमची हेडविग कुठे आहे, असं मी तेव्हा विचारलं होतं. तो हसला होता. बोट चालू असेपर्यंत तिची प्रतिकृती करायची नाही, अशी त्यांच्याकडची रीत होती. ती निवृत्त झाली की मगच तिला फळीवर जागा. एक म्हातारा सुतार ही कामं करतो आणि एकेका बोटीला त्याचा एकेक हिवाळा जातो, असंही त्याने सांगितलं होतं.

मी आत शिरलो ते बोलतच. खोबरेल, थंडी, फडकं, सगळं एका दमात सांगून टाकलं. जगूकाकाचं नावही सांगितलं. म्हटलं, एक कढत धुलाई द्या आणि पुन्हा टाक्या भरा, फेस आला नाही तर मी स्वतः बोट सोडून जाईन.

ओल्सेनने सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. नारळाचं तेल, असं तो दोनदा स्वतःशीच म्हणाला आणि त्याला हसू आवरेना. मग म्हणाला, कारण कळलं ते बरं झालं, आमचे रसायनवाले दोन दिवस झोपले नाहीत.

“मग धुलाई कधी करायची?” मी विचारलं.

माझ्यामागे फळीच्या टोकाकडे त्याची नजर गेली आणि लगेच परत आली. मी वळून पाहिलं.

फळीच्या टोकाला नवी काचेची पेटी होती. आत हेडविग होती. निळं पोट, वर पांढरी सुकाणूखोली, डेकवर टाक्यांची चार गोल झाकणं, सगळं जिथल्या तिथे. रंगाचा वास अजून गेला नव्हता. एका हिवाळ्याचं काम.

ओल्सेनने मग लपवलं नाही. लॉऱ्या पानगळीतच घेतल्या होत्या. उन्हाळ्यापासून त्या सुरू व्हायच्या होत्या, तोवर दोन-तीन फेऱ्या बोटीने काढायच्या, एवढाच बेत होता. करार पुढे चालवायचा नव्हताच. बॉयलर पेटवू नका हा निरोप त्यामुळेच आला होता. जी बोट काढून टाकायची तिच्यावर इंधन कोण घालवतो? आमच्या मालकाला हे फेरी संपल्यावर सांगायचं होतं. फेसाचं प्रकरण झालं नसतं तरी हेच झालं असतं, तेव्हा तुमच्या माणसावर रागावू नका, असं त्याने मला समजावलं. मग पेटी अलगद पुढे ओढली आणि विचारलं की दोर गुंडाळायची विंच बरोबर जागी बसवली आहे का, सुताराने फोटोवरून केली आहे, त्याला शंका आहे.

मी पाहिलं. विंच थोडी डावीकडे हवी होती. मी तसं सांगितलं. का सांगितलं देव जाणे.

धक्क्यावरून परत येताना मी त्या सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होतो. मालक, मॅथिसन, ओल्सेन, तो तपासनीस आणि त्याचे पांढरे मोजे. हेडविगला पुढेही दिवस आहेत हे त्या हिवाळ्यात सगळ्या कारखान्यात कुणी धरून चाललं नव्हतं. गोदीच्या थंडीत डबा ऊन करणारा जगूकाका तेवढा धरून चालला होता.

तो शिडीशी उभा होता. टोपी हातात. मी त्याला खरं ते सांगितलं, लॉऱ्या, पेटीतली बोट, सगळं. तुझ्यामुळे काही गेलं नाही काका, हे आधीच ठरलं होतं, असं परत परत सांगितलं. त्याने मान हलवली. मी बोलायचा थांबलो तेव्हा तो म्हणाला, “तू चांगलो मनीस. म्हणान असा सांगतस.”

मला पुढे दुसऱ्या कंपनीत बोट मिळाली, खनिज तेलाची. मी कप्तान झालो. जगूकाका गावी परतला तो पुन्हा बोटीवर गेला नाही. सुट्टीत गेलो की मी त्याच्याकडे जायचो आणि दर वेळी तेच व्हायचं. शिरीची बोट मी घालवली, असं तो आल्यागेल्याला सांगायचा. मी लॉऱ्यांचं सांगायचो. तो माझ्याकडे बघून हसायचा, मुलाच्या थापेकडे बघून हसावं तसा. ओल्सेनकडून लिहून आणलं असतं तरी त्याने हेच म्हटलं असतं. खरं बोलूनही माणसाला हात चोळत बसावं लागतं, हे मला त्याच्या अंगणात कळलं.

शेवटचा गेलो तो मे महिन्याच्या अखेरीस. किनाऱ्यावर सगळ्या होड्या वर ओढून ठेवलेल्या, तेलाने काळ्याभोर झालेल्या, माशाच्या तेलाचा उग्र वास वाऱ्यावर. फक्त जगूकाकाची होडी पांढरट पडली होती. फळ्यांच्या सांध्यांतून पलीकडचा उजेड दिसत होता. तो तिच्या सावलीत बसला होता. मी विचारलं, हिला तेल का नाही लावलं, पोरं कुठे आहेत. शेजारच्या होडीवाल्याने परस्पर सांगितलं की पोरांना तो हात लावू देत नाही, आणि स्वतः तर त्याने डेन्मार्कहून आल्यापासून तेलाचा डबा धरलेला नाही.

“माझ्या हाताचा त्याल नको,” जगूकाका म्हणाला. “बरा नाय होता तेन.”

मी वाद घातला नाही. इतकी वर्षं घालून झाला होता. शेजाऱ्याकडून डबा आणि फडकं मागितलं, सदरा काढून माडाला अडकवला आणि तेल लावायला बसलो. मला ते काम धड येत नव्हतं. शाळा शिकलो त्यात ते राहून गेलं होतं. तेल कोपरापर्यंत ओघळत होतं. जगूकाका बराच वेळ समुद्राकडे बघत होता. मग तो माझ्या हाताकडे बघू लागला. मग सरकत जवळ आला.

“सांध्यात घाल,” तो म्हणाला. “वरसून नुसता पुसू नको.”

मी सांध्यात घातलं. त्याचं समाधान झालं नाही. त्याने वाकून माझ्या हातातलं फडकं ओढून घेतलं.